हॅमिल्टनियन लिहिलात, पण ऊर्जा कुठली मोजणार?

स्प्रिंगला बांधलेला एक प्रभारित कण आणि त्याच्यावर काळानुसार बदलणारं एकसमान विद्युतक्षेत्र. हॅमिल्टनियन लिहा, गतीची समीकरणं काढा, हॅमिल्टनियन टिकतो का ते सांगा. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रापासून नेट-गेटपर्यंत हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत भेटत राहतो, आणि पाच मार्कांपुरता तो सोपाही आहे. सूत्रात काळ उघडपणे आला, म्हणजे हॅमिल्टनियन टिकत नाही. झालं, पुढचा प्रश्न. अडचण सुरू होते ती कुणी विचारलं की, ‘बरं, मग दोलकाला ऊर्जा किती मिळाली?’ इथे निम्मी मुलं हॅमिल्टनियनच्या दोन किमतींची वजाबाकी करून मोकळी होतात. ती वजाबाकी कधी बरोबर येते, कधी साफ चुकते. कुठे चुकते हे कळलं की या विषयातलं बरंचसं कळलं, असं माझं मत आहे. म्हणून हा लेख सूत्रापेक्षा सूत्राच्या अर्थावर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी गृहीतकं, कारण मुलाखतीत नेमकी तीच विचारतात. क्षेत्र एकसमान धरलं आहे, म्हणजे कण जेवढ्या अंतरात हेलकावतो तेवढ्यात त्याची किंमत जागेनुसार बदलत नाही, फक्त काळानुसार बदलते. खरं तर विद्युतक्षेत्र बदलू लागलं की मॅक्सवेलच्या नियमांप्रमाणे चुंबकीय क्षेत्र पाठोपाठ येतंच. आपण त्याकडे काणाडोळा करतो, कारण कणाचा वेग प्रकाशाच्या मानाने नगण्य असतो. हलणारा प्रभार प्रारण सोडतो, तेही सोडून देतो. हे सगळं चालतं का, ते प्रत्येक उदाहरणात आकडे घालून तपासायचं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूच्या आकाराच्या काही हजार पट असते, त्यामुळे अणूतल्या इलेक्ट्रॉनला क्षेत्र एकसमानच भासतं. लोरेंट्झने इलेक्ट्रॉनला स्प्रिंगला बांधून प्रकाशाचं विकिरण आणि शोषण समजावलं ते याच जोरावर.

सूत्रांसाठी अक्षरं ठरवून घेऊ. वस्तुमान म, प्रभार प, दोलकाची कोनीय वारंवारता व, स्थान क्ष, संवेग स, विद्युतक्षेत्र इ, हॅमिल्टनियन ह. वहीत तुम्ही तुमची नेहमीची अक्षरं वापरा.

ह = स²/२म + ½मव²क्ष² − पइक्ष

हॅमिल्टनची दोन समीकरणं यातून लगेच पडतात. स्थान बदलण्याचा दर स/म, आणि संवेग बदलण्याचा दर −मव²क्ष + पइ. दुसऱ्यात पइ धन चिन्हानेच यायला हवं, कारण धन प्रभाराला क्षेत्र आपल्या दिशेने ओढतं. ऋण आलं तर ह मधलं शेवटचं चिन्ह उलटं पडलंय असं समजा. एवढी एक तपासणी सवयीने करायची.

आता खरा मुद्दा. ह किती दराने बदलतो? हॅमिल्टनच्या समीकरणांमुळे क्ष आणि स यांच्यातून येणारा बदल एकमेकांना खोडतो, उरतो तो फक्त उघड काळातून येणारा. त्याची किंमत आहे उणे प गुणिले क्ष गुणिले क्षेत्र बदलण्याचा दर. यात कणाचा वेग कुठेच नाही! याउलट क्षेत्र कणावर ज्या दराने कार्य करतं ती शक्ती म्हणजे पइ गुणिले वेग. त्यात क्षेत्राची किंमत आहे, पण ते किती झपाट्याने बदलतंय याचा पत्ता नाही. दोन वेगळ्या राशी, दोन वेगळे दर. पहिला ह चा आहे. दुसरा आहे कणाच्या गतिज आणि स्प्रिंगच्या स्थितिज ऊर्जेच्या बेरजेचा. तिला आपण दोलकाची ऊर्जा म्हणू.

एक प्रसंग जवळून पाहा. कण समतोलात स्थिर आहे, क्ष शून्य, स शून्य. एका क्षणी क्षेत्र शून्यावरून इ वर नेलं आणि तिथेच ठेवलं. त्या क्षणी क्ष शून्य असल्याने ह बदललाच नाही. शून्य होता, शून्य राहिला. पुढे क्षेत्र स्थिर आहे, तेव्हा ह कायमचा शून्य. दोलक मात्र हलायला लागला आहे. नव्या समतोलबिंदूपर्यंतचं अंतर पइ/मव². याला क म्हणू. कण शून्यापासून निघून २क पर्यंत जातो आणि परत येतो, पुन्हा जातो. दोलकाची ऊर्जा शून्य आणि २प²इ²/मव² यांच्यामध्ये वरखाली होत राहते. ह कडे बघून ‘ऊर्जेत काहीच बदल नाही’ असं जो लिहील त्याच्यासमोर कण मजेत हेलकावतो आहे. हिशेबात खोट नाही, फक्त ह मध्ये −पइक्ष ही प्रभार आणि क्षेत्र यांच्यातली ऊर्जाही धरलेली आहे. दोलकाच्या खात्यात जे जमा झालं ते त्या पदात वजा झालं.

हाच दोलक दुसऱ्या रीतीने लिहिता येतो. विद्युतक्षेत्र विभवातून न आणता सदिश विभवातून आणायचं. सदिश विभवाला अ म्हणू. तो जागेनुसार बदलत नाही, आणि त्याच्या बदलण्याच्या दराचं चिन्ह उलटं केलं की इ मिळतं. मग

ह′ = (स′ − पअ)²/२म + ½मव²क्ष²

इथे ह′ ची किंमत थेट दोलकाची ऊर्जा आहे, कारण कंसातली राशी म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. त्याचा बदलण्याचा दर काढून पाहा, नेमका पइ गुणिले वेग येतो. पण याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: स′ हा आता वस्तुमान गुणिले वेग राहिलेला नाही, त्यात पअ मिसळला आहे. पहिल्या रूपात संवेग ओळखीचा आणि हॅमिल्टनियन परका; दुसऱ्यात उलटं. दोन्ही रूपांतून निघणारं गतीचं समीकरण मात्र एकच. गेज बदलला तरी कण कुठे असेल ते बदलत नाही. एका रूपातून दुसऱ्यात जायचं कॅनॉनिकल रूपांतरही सोपं आहे: जनक फल म्हणून क्ष(स′ − पअ) घ्या, बाकी आपोआप निघतं. परीक्षेत हा प्रश्न आला की मी दोन ओळी जास्त लिहायला सांगतो. एक, ‘इथे संवेग म्हणजे काय’. दोन, ‘इथे ह ची किंमत म्हणजे काय’. या दोन ओळींचे वेगळे मार्क कुणी देत नाही, पण पुढच्या दोन पानांवरची चूक त्या वाचवतात.

मग वजाबाकी बरोबर कधी येते? क्षेत्र स्पंदासारखं असेल, म्हणजे आधी शून्य, मध्ये काहीही, शेवटी पुन्हा शून्य, तर पहिल्या रूपात आरंभी आणि शेवटी −पइक्ष हे पद नाहीसं होतं आणि ह मधला फरक हाच दोलकाला मिळालेल्या ऊर्जेइतका असतो. मधल्या काळात तसं नसतं. शेवटी क्षेत्र चालूच राहणार असेल तर आधी ठरवा: ऊर्जा जुन्या समतोलबिंदूभोवती मोजायची की नव्या? मला विचाराल तर नव्या. वर्ग पूर्ण करून पहिलं रूप लिहिलं की ते दिसतंच: नव्या बिंदूभोवती तोच दोलक, तीच वारंवारता, आणि वजा होणारं एक पद प²इ²/२मव², ज्यात ना क्ष ना स.

आता उत्तर काढायची रीत. पाठ्यपुस्तकं इथे ग्रीन फलन किंवा प्राचल-विचरणाची पद्धत काढतात. त्यात वाईट काही नाही, पण आलेखकागद आणि कंपास घेऊन बसलात तर अर्ध्या तासात जास्त कळेल. आडव्या अक्षावर क्ष घ्या, उभ्या अक्षावर स/मव. दोन्हींचं एकक लांबीचंच आहे. क्षेत्र नसेल तेव्हा दोलकाचा बिंदू आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वर्तुळात फिरतो, एका दोलनकालात एक पूर्ण फेरी. त्रिज्येचा वर्ग गुणिले ½मव² म्हणजे ऊर्जा. क्षेत्र लावलं की बदल एवढाच होतो: वर्तुळाचं केंद्र आडव्या अक्षावर क इतकं सरकतं. फिरण्याचा वेग तोच, दिशा तीच. हीच या दोलकाची मेहेरबानी आहे. विद्युतक्षेत्र त्याची वारंवारता बदलू शकत नाही, फक्त केंद्र सरकवतं. बदलत्या क्षेत्रातली सगळी गती म्हणजे हलत्या खिळ्याभोवती फिरणारा बिंदू.

कंपास घ्या. बिंदू आरंभी शून्यावर. क्षेत्र लावलं, केंद्र क वर गेलं. अर्धा दोलनकाल थांबा: बिंदू अर्धवर्तुळ फिरून २क वर येतो. आता क्षेत्र उलटं करा, केंद्र −क वर. बिंदूचं त्यापासूनचं अंतर ३क, अर्धा दोलनकाल गेला की बिंदू −४क वर. पुन्हा उलटं करा: केंद्र क, अंतर ५क, बिंदू ६क वर. दर अर्ध्या दोलनकालाला अंतर २क ने वाढतं, आणि ऊर्जा वाढते ती अंतराच्या वर्गाने. अनुनाद म्हणतात तो हाच. क्षेत्र चौकोनी लाटेचं असो की कोसाइनचं, आयाम काळाच्या प्रमाणात आणि ऊर्जा काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे एकाही इंटिग्रलशिवाय दिसलं. शुद्ध कोसाइनसाठी अचूक उत्तर हवं असेल तर आयाम येतो पइ गुणिले काळ भागिले २मव. घर्षण नाही म्हणून तो वाढतच राहतो. प्रत्यक्षात काही ना काही आड येतंच.

कंपासने उत्तर हाती आलं की सूत्र सहज समजतं. स्थिर दोलकावर स्पंद येऊन गेला, ऊर्जा किती मिळाली? क्षेत्राला कोसाइन(व × काळ) ने गुणून सगळ्या काळावर बेरीज करा, तिला को म्हणा. साइनने गुणून करा, तिला सा म्हणा. मग

मिळालेली ऊर्जा = (प²/२म)(को² + सा²)

लांडाऊ आणि लिफशित्झ यांच्या ‘मेकॅनिक्स’मध्ये सक्तीच्या दोलनांच्या कलमात हा निष्कर्ष अगदी थोडक्यात आला आहे, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत उपयोगी ओळ तीच. ती सांगते की दोलक क्षेत्राचा सगळा आकार बघतच नाही. त्याला फक्त आपल्या स्वतःच्या वारंवारतेचा फूरिये घटक दिसतो. तो घटक शून्य असेल तर क्षेत्र कितीही जोरदार असू दे, ते येऊन गेल्यावर दोलक होता तिथेच. क्षेत्र कायम राहणार असेल तर हीच बेरीज क्षेत्राऐवजी केंद्र सरकण्याच्या दराची करायची, म्हणजे नव्या केंद्राभोवतीचा आयाम थेट मिळतो.

आकार बदलून बघू. चौकोनी स्पंद, ठरावीक वेळ चालू आणि मग बंद: उरलेला आयाम २क गुणिले साइन(व × वेळ / २). वेळ अर्ध्या दोलनकालाइतकी असेल तर सर्वांत जास्त, पूर्ण दोलनकालाइतकी असेल तर शून्य. क्षेत्र एकदम न लावता सरळ रेषेत चढवलं तर नव्या केंद्राभोवती उरणारा आयाम क पेक्षा कमी होत जातो, आणि चढण नेमकी एका दोलनकालाची असेल तर तोही शून्य. तिसरा आकार घंटेसारखा, गाउसचा. त्याची रुंदी १/व असताना दोलकाला सर्वांत जास्त ऊर्जा मिळते. उंची तीच ठेवून रुंदी तिप्पट केली की ती ऊर्जा आधीच्या ०.३ टक्क्यांवर येते, पाचपट केली की जवळजवळ अब्जांशावर. सरळ चढणीच्या बाबतीत असं होत नाही, तिथे ऊर्जा वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच घटते, कारण चढणीच्या दोन्ही टोकांना कोपरे आहेत. हळू बदलणं आणि गुळगुळीत बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुस्तकं सहसा पहिलीवरच भर देतात.

हळू बदलाचा सिद्धांत यातच दडला आहे. १९११च्या सोल्वे परिषदेत लोरेंट्झने विचारलं होतं की लंबकाची दोरी हळूहळू आखूड केली तर काय टिकतं. आइन्स्टाइनचं उत्तर होतं की ऊर्जा भागिले वारंवारता टिकते. आपल्या दोलकात वारंवारता बदलतच नाही, त्यामुळे क्षेत्र हळू बदललं तर हलत्या केंद्राभोवती मोजलेली ऊर्जाच टिकते. आलेखकागदावर याचा अर्थ असा की खिळा सावकाश सरकवला तर वर्तुळ तेवढंच राहून खिळ्याबरोबर चालत जातं.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे सगळं शाब्दिक. कॅल्शियम-४० चा एक आयन पॉल ट्रॅपमध्ये अडकवलेला आहे. वोल्फगांग पॉल आणि हान्स डेमेल्ट यांना १९८९च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो आयन असे कोंडण्याच्या तंत्राबद्दल. ट्रॅपच्या लांबीच्या दिशेने आयन दर सेकंदाला १० लाख वेळा हेलकावतो असं धरा, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. आयनाचं वस्तुमान ६.६ × १०⁻²⁶ किलोग्रॅम, तेव्हा त्याच्या ‘स्प्रिंग’चा स्थिरांक येतो २.६ × १०⁻¹² न्यूटन प्रति मीटर. त्यावर मीटरला १ व्होल्ट एवढं क्षीण क्षेत्र लावलं तर केंद्र किती सरकतं? ६१ नॅनोमीटर. आयनाच्या मूळ अवस्थेतल्या तरंगफलाची रुंदी याच ट्रॅपमध्ये ११ नॅनोमीटर आहे. म्हणजे मीटरला १ व्होल्ट, जे आपल्या जाणिवेत जवळपास काहीच नाही, ते आयनाला स्वतःच्या रुंदीच्या पाचपटीहून जास्त ढकलतं. क्षेत्र एकदम लावलं तर नव्या केंद्राभोवती जी दोलनाची ऊर्जा तयार होते ती सरासरी ७.४ क्वांटा. आणि एकसमानतेचं गृहीतक? १ मेगाहर्ट्झच्या क्षेत्राची तरंगलांबी ३०० मीटर, आयन हलतो मायक्रोमीटरच्या आत. गृहीतक मोडतं ते इलेक्ट्रोडच्या आकारामुळे, तरंगलांबीमुळे नव्हे.

क्वांटम म्हटलं म्हणून बिचकू नका, इथे नवं फारसं काही येत नाही. अभिजात सूत्राने काढलेली ऊर्जा ħ-व ने, म्हणजे एका क्वांटमच्या ऊर्जेने, भागली की सरासरी क्वांटा मिळतात. मूळ अवस्थेतून सुरुवात केली तर क्वांटांची वाटणी प्वासाँच्या नियमाने होते, आणि मूळ अवस्थेतच राहण्याची शक्यता येते ई चा उणे सरासरीइतका घात. ७.४ साठी ती सुमारे ०.०००६. हलत्या केंद्राच्या चौकटीत जायचं कॅनॉनिकल रूपांतर अभिजात हिशेबात जसं आहे तसंच क्वांटममध्ये चालतं. ते एकदा हाताने करून बघा: गतीचं समीकरण पाळणारा कुठलाही एक मार्ग घ्या, स्थानातून तो मार्ग आणि संवेगातून त्याचा संवेग वजा करा. बदलतं क्षेत्र हॅमिल्टनियनमधून गायब होतं. मागे उरतं फक्त काळाचं एक पद, आणि ते निघतं त्या मार्गाच्या लाग्रांजियनचं उणे रूप. अभिजात हिशेबात त्याला काही काम नाही; क्वांटममध्ये ते कलेत जाऊन बसतं.

आयन ट्रॅपवर काम करणाऱ्यांना हा हिशेब रोज लागतो. क्वांटम संगणकासाठी आयन एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे असतात, आणि ते पोचल्यावर डुलत राहिले तर पुढचं काम बिघडतं. सावकाश न्यावं तर वेळ जातो. अमेरिकेच्या निस्टमधल्या, डेव्हिड वाइनलँड यांच्या गटाने २०१२ मध्ये बेरिलियमचा आयन ८ मायक्रोसेकंदांत ३७० मायक्रोमीटर हलवून दाखवला, तोही एका क्वांटमपेक्षा कमी ऊर्जेची भर पडू देऊन. वाइनलँड यांना नोबेल मिळालं ते त्याच वर्षी, पण या प्रयोगासाठी नव्हे. आपल्याकडे पुण्यात आयुकामध्ये यटर्बियमच्या एकेका आयनावर घड्याळ उभारण्याचं काम चालतं. तिथेही भटक्या विद्युतक्षेत्रांनी केंद्र सरकणं ही रोजची डोकेदुखी असणार, हे वरच्या ६१ नॅनोमीटरवरून ध्यानात येईल.

डुलू न देता हलवण्याची सर्वांत साधी युक्ती कंपासनेच सापडते. क्षेत्र इ वर न्यायचं आहे. आधी फक्त अर्धं लावा. केंद्र क/२ वर आलं, बिंदू शून्यावर. अर्धा दोलनकाल थांबा. बिंदू अर्धवर्तुळ फिरून क वर पोचतो, आणि त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. आता उरलेलं अर्धं क्षेत्र लावा, केंद्र नेमकं क वर येतं. बिंदू केंद्रावर, वर्तुळाची त्रिज्या शून्य. ७.४ क्वांटांच्या जागी शून्य, आणि खर्च झाला फक्त अर्धा मायक्रोसेकंद. ही युक्ती १९५७ मध्ये ओटो स्मिथ यांनी ‘पॉझिकास्ट’ या नावाने नियंत्रणशास्त्रात मांडली. बंदरातली क्रेन चालवणारा कसलेला माणूस कंटेनर हेलकावू नये म्हणून दोन टप्प्यांत वेग घेतो, त्यातही हेच आहे.

वारंवारता नेमकी माहीत नसेल तर? समजा तुमचा अंदाज १ टक्क्याने चुकला. मग दुसरा टप्पा थोडा आधी किंवा नंतर येतो, आणि बिंदू केंद्रापासून क च्या सुमारे १.६ टक्के अंतरावर राहतो. ऊर्जा या आकड्याच्या वर्गाने जाते, तेव्हा उरतात ०.००२ क्वांटासुद्धा नाहीत. १० टक्के चुकलात तर ०.१८. वाईट नाही.

हे सगळं संगणकावर करून बघायचा मोह होईल, आणि व्हायलाच हवा. पायथनच्या दहा-बारा ओळी पुरतात. फक्त ऑइलरच्या साध्या पद्धतीने सुरुवात करू नका. क्षेत्र शून्य ठेवूनही ती पद्धत दर पायरीला ऊर्जा एक अधिक (व × पायरी) वर्ग इतक्या पटीने वाढवते. व × पायरी ०.०१ धरली तर १०,००० पायऱ्यांत, म्हणजे जेमतेम १६ हेलकाव्यांत, ऊर्जा २.७ पट! मुलं तो आलेख बघून अनुनाद सापडला म्हणून खूश होतात. उपाय एका ओळीचा आहे: आधी नवा संवेग काढा, आणि स्थान काढताना जुना नव्हे, हा नवा संवेग वापरा. एवढ्याने पद्धत सिंप्लेक्टिक होते, फेज स्पेसमधलं क्षेत्रफळ जपलं जातं आणि ऊर्जा खऱ्या किमतीच्या आसपास डोलत राहते, उधळत नाही. हॅमिल्टनच्या समीकरणांचा ढाचा संगणकातही पाळला तर तो उपकाराची परतफेड करतो. मग वरच्या को² + सा² च्या सूत्राशी मिळालेली ऊर्जा ताडून बघा. तीन-चार अंकांपर्यंत जुळली नाही तर चूक सूत्रात नाही, कोडमध्ये शोधा. काळ १/व ने आणि अंतर क ने मोजायची सवय लावा, म्हणजे १०⁻²⁶ सारखे आकडे कोडमध्ये शिरत नाहीत.

पुस्तकांचं विचाराल तर गोल्डस्टीन सगळ्यांकडे असतंच. कॅनॉनिकल रूपांतरांसाठी राणा आणि जोग यांचं १९९१चं पुस्तक मला जास्त आवडतं. नारायणचंद्र राणा आयुकाचे आणि प्रमोद जोग पुणे विद्यापीठाचे होते. त्यातली सोडवलेली उदाहरणं आपल्या विद्यार्थ्याला कुठे अडतं ते ओळखून निवडलेली वाटतात. वाचताना मात्र प्रत्येक उदाहरणात ते दोन प्रश्न विचारत चला, इथे संवेग म्हणजे काय आणि ह ची किंमत म्हणजे काय.

शेवटी एक गणित, कंपासनेही होईल आणि कोडनेही. दोन टप्प्यांऐवजी तीन घ्या: पाव क्षेत्र, अर्ध्या दोलनकालाने त्यात निम्म्याची भर, आणखी अर्ध्या दोलनकालाने उरलेलं पाव. वारंवारता बरोबर असेल तर आयन याही वेळी शांत बसतो, फक्त वेळ दुप्पट लागतो. आता मुद्दाम १० टक्क्यांची चूक करा. दोन टप्प्यांत ०.१८ क्वांटा उरले होते. तीन टप्प्यांत सुमारे ०.००४ यायला हवेत. १० टक्क्यांऐवजी २० टक्के चूक घेऊन दोन्ही आकडे पुन्हा काढा, आणि दोन टप्प्यांची ऊर्जा जवळपास चौपट होत असताना तीन टप्प्यांची जवळपास सोळापट का होते, ते वर्तुळांवरून स्वतःच शोधा.